बाळाच्या डोक्यावरील मऊ गाठ : आधी ओळख, मग उपाय

(पेण आणि रोहा तालुक्यांतील अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, सुईणी आणि पालक यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



मूल जन्माला आले की घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे लक्ष सर्वप्रथम त्याच्या डोक्याकडे जाते. टाळू भरणे, तेल जिरवणे, न्हाऊमाखू घालणे आणि पुढे यथावकाश जावळ काढणे, हे संस्कार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. त्यामुळे बाळाच्या डोक्यावर एखादा लहानसा फुगवटा असेल, तर तो डॉक्टरांच्या नजरेस पडण्यापूर्वीच आईच्या किंवा आजीच्या हाताला लागतो. अशा वेळी घरात काय केले जाते, यावर त्या बाळाचे पुष्कळसे भवितव्य अवलंबून असते. गाठ दिसली की ती गळू समजून फोडण्याची, दाबून बसविण्याची, बिबा घालण्याची किंवा डाग देण्याची घाई अजूनही काही ठिकाणी होते. बहुतेक गाठींच्या बाबतीत ही घाई अनिष्ट आहेच, परंतु एका विशिष्ट प्रकारच्या गाठीच्या बाबतीत ती प्राणावर बेतू शकते. ही गाठ म्हणजे डोक्याच्या त्वचेखालील शिरांचा जन्मजात दोष. तो दुर्मिळ आहे. दुर्मिळ असल्यामुळेच तो ओळखण्यात चूक होते आणि म्हणूनच त्याची माहिती सर्वांना असणे अगत्याचे आहे.

नेहमी आढळणारे फुगवटे

प्रथम नेहमी दिसणाऱ्या फुगवट्यांचा विचार करू. प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोक्यावर दाब पडतो आणि त्वचेखाली सूज येते. ही सूज बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते. कधीकधी कवटीचे हाड आणि त्यावरील पातळ आवरण यांच्यामध्ये रक्त साठते. अशी गाठ एकाच हाडाच्या मर्यादेत राहते आणि विरण्यास काही आठवडे, प्रसंगी काही महिने लागतात. या दोन्ही प्रकारांत सुई घालण्याची किंवा चोळण्याची काहीही आवश्यकता नसते.

दुसरा प्रकार रक्तवाहिन्यांच्या लाल गाठीचा. ही गाठ जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसू लागते, पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वाढते आणि नंतर काही वर्षांत हळूहळू विरते. तिसरा प्रकार त्वचेच्या पेशी आत अडकून राहिल्याने होणाऱ्या घट्टसर गोळीचा. मूल झोपले काय आणि बसले काय, तिच्या आकारात फरक पडत नाही. चौथा प्रकार अधिक गंभीर. कवटीला जन्मतः फट राहून मेंदूचे आवरण, कधी मेंदूचा काही भाग, त्या फटीतून बाहेर येतो. ही गाठ पुष्कळदा डोक्याच्या मागील बाजूस मध्यभागी असते आणि बाळ रडले की ताणल्यासारखी होते. याशिवाय हाताला ठोके लागणारी गाठ असेल, तर तिचा संबंध शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या रोहिणीशी असण्याचा संभव असतो.

निजल्यावर फुगणारी, उठल्यावर मावळणारी गाठ

आता मुख्य विषयाकडे वळू. काही मुलांच्या कपाळावर किंवा डोक्याच्या मध्यरेषेजवळ एक मऊ, किंचित निळसर छटेचा फुगवटा असतो. मूल आडवे झाले, ओणवे झाले किंवा जोराने रडले की तो फुगतो. मुलाला उभे धरले किंवा बसविले की तो मावळतो, आणि काही वेळा त्या जागी नुसती लहानशी खळगी हाताला लागते. त्याला ठोके नसतात आणि सामान्यतः तो दुखतही नाही. १८५० साली जर्मन शल्यचिकित्सक लुई श्ट्रोमायर यांनी या विकाराला ‘सायनस पेरिक्रॅनाय’ असे नाव दिले आणि वैद्यकशास्त्रात तेच नाव आजतागायत रूढ आहे.

हा फुगवटा खाली-वर का होतो, हे समजून घेण्यासाठी डोक्याची रचना थोडक्यात पाहावी लागेल. मेंदूत फिरून आलेले रक्त कवटीच्या आतील मोठ्या शिरामार्गांत जमा होते आणि तेथून मानेतील शिरांवाटे हृदयाकडे परत जाते. यांतील सर्वांत मोठ्या मार्गांपैकी एक कवटीच्या आतून, बरोबर मध्यरेषेवरून पुढून मागे जातो. कवटीच्या हाडात जागोजागी बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून जाणाऱ्या लहान शिरा आतील शिरामार्गांना बाहेरच्या त्वचेतील शिरांशी जोडतात. या जोडशिरांना झडपा नसतात, त्यामुळे त्यांतील रक्त दोन्ही दिशांनी वाहू शकते. ही रचना प्रत्येक माणसात असते आणि तिचा उपद्रव होत नाही. परंतु एखाद्या बालकात हा जोडमार्ग जन्मतः अवाजवी रुंद राहतो आणि हाडाबाहेर त्वचेखाली शिरांचे जाळे फुगून बसते. मूल आडवे झाले की डोक्यातील शिरांचा दाब वाढतो आणि जाळे भरते, मूल उठले की दाब उतरतो आणि जाळे रिकामे होते. रडताना छातीतील दाब वाढल्यामुळे हाच परिणाम दिसतो. क्वचित डोक्याला मार लागल्यानंतरही असा दोष उद्भवल्याचे आढळले आहे.

याचा अर्थ स्पष्ट आहे. वरून गाठ भासणारी ही वस्तू वास्तविक गाठ नसून मेंदूच्या मोठ्या शिरामार्गाचे बाहेर उघडलेले द्वार आहे. ते फोडणे म्हणजे त्या शिरामार्गालाच भोक पाडणे होय.

खारभूमीतील उघाडीचा दाखला

पेण आणि रोहा तालुक्यांतील शेतकऱ्यांना ही गोष्ट एका दाखल्याने चटकन पटेल. धरमतरच्या आणि कुंडलिकेच्या खाडीकाठी खारभूमीचे बंधारे आहेत आणि त्या बंधाऱ्यांना उघाड्या आहेत. भरतीचे खारे पाणी आत येऊ नये आणि शेतातील पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जावे, यासाठी ही योजना असते. बंधाऱ्यातून एखाद्या ठिकाणी पाणी पाझरताना दिसले, तर अनुभवी शेतकरी ते भोक एकदम बुजवीत नाही. पाणी कोठून येते, कोठे जाते आणि सबंध खाराचा निचरा कोणत्या वाटेने होतो, हे तो आधी पाहतो. किरकोळ पाझर असेल तर तो बुजविता येतो. पण साऱ्या खाराचे पाणी त्याच वाटेने बाहेर पडत असेल आणि ती वाट कोणी बंद केली, तर उभे पीक पाण्याखाली जाते.

मेंदूच्या रक्ताचा निचराही असाच आहे. २००७ साली गांडोल्फो आणि त्यांचे सहकारी यांनी १५ रुग्णांच्या अभ्यासावरून या विकाराचे दोन प्रकार पाडले. पहिल्या प्रकारात मेंदूतील रक्ताचा मुख्य प्रवाहच या बाहेरच्या जाळ्यातून जात असतो, त्याला प्रधान प्रकार म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात मुख्य प्रवाह आतल्या नेहमीच्या मार्गानेच जातो आणि थोडेसे रक्त तेवढे बाहेर डोकावते. हा गौण प्रकार होय. गौण प्रकारातील मार्ग आवश्यकता भासल्यास बंद करता येतो. प्रधान प्रकारातील मार्ग बंद केला, तर मेंदूतील रक्ताचा निचरा तुंबून मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून तो मार्ग बंद करावयाचा नसतो. दोन्ही प्रकारांतील फुगवटा बाहेरून सारखाच दिसतो. त्यांतील भेद तपासणीशिवाय कोणालाही, कितीही अनुभवी डॉक्टरांनाही, नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

आणखी एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. काही बालकांत कवटीच्या हाडांमधील सांधे वेळेपूर्वी जुळतात. मेंदूला वाढण्यास जागा अपुरी पडते, डोक्यातील दाब वाढतो, आतील शिरामार्ग अरुंद होतात आणि रक्त हाडातील छिद्रांतून पर्यायी वाट शोधते. अशा बालकाच्या डोक्यावरील फुगवटा हा एक प्रकारे निसर्गाने काढलेला पाट असतो. म्हणून फुगवटा दिसला की डोक्याचा घेर मोजणे आणि डोक्याच्या ठेवणीकडे पाहणे हाही तपासणीचा आवश्यक भाग आहे.

घरी आणि अंगणवाडीत काय पाहावे

निदानाची सुरुवात महागड्या यंत्राने होत नाही, ती बारकाईने पाहण्याने होते. मूल झोपलेले असताना फुगवटा कसा दिसतो, मांडीवर सरळ बसविल्यावर कसा दिसतो आणि रडताना त्यात काय फरक पडतो, या तीन गोष्टी पाहाव्यात. त्यासाठी मुलाला मुद्दाम रडविण्याची किंवा डोके खाली करून धरण्याची गरज नाही, त्या दिवसभरात आपोआप दिसतातच. फुगवटा जन्मापासून आहे की मार लागल्यानंतर आला, त्याचा रंग कसा आहे, तो वाढत आहे काय, मुलाला ताप आहे काय, उलट्या किंवा झटके येतात काय, मोठे मूल असल्यास डोके दुखते काय, हेही विचारावे. हाताशी मोबाइल असेल तर झोपलेल्या आणि बसलेल्या अवस्थेतील छायाचित्रे काढून ठेवावीत. दवाखान्यात आईच्या कडेवर सरळ बसलेल्या मुलाचा फुगवटा मावळलेला असतो आणि मग आईच्या तक्रारीवर विश्वास ठेवणे कठीण जाते. अशा वेळी ही दोन छायाचित्रे फार उपयोगी पडतात.

त्यानंतर डॉक्टर जी पहिली तपासणी सुचवितात, ती बहुधा सोनोग्राफीची आणि तिच्या जोडीला रक्तप्रवाह दाखविणाऱ्या डॉपलरची. तीत किरणोत्सर्ग नाही, वेदना नाहीत आणि बाळाला भूल द्यावी लागत नाही. फुगवट्यात रक्त वाहते की नाही आणि त्याचा कवटीच्या आत संबंध आहे काय, याचा अंदाज तिने येतो. पुढे एमआरआय यंत्रावर शिरांचे चित्रण केले जाते. त्यात मेंदू आणि त्याचे शिरामार्ग यांचा नकाशाच मिळतो. लहान मूल तेवढा वेळ स्थिर राहत नाही, म्हणून काही वेळा झोपेचे औषध किंवा भूल द्यावी लागते. हाडातील छिद्र स्पष्ट पाहण्यासाठी सीटी स्कॅन उपयोगी आहे, परंतु त्यात क्ष-किरण असल्यामुळे लहान मुलांत तो गरजेपुरताच करतात. उपचार करावा की नाही हे ठरविण्याची वेळ येते, तेव्हा शिरांत औषध सोडून प्रवाहाचे प्रत्यक्ष चित्र घेणारी अँजिओग्राफी केली जाते. प्रवाह प्रधान की गौण, याचा निर्णय तिच्या आधारे होतो.

उपचार केव्हा आणि कोणता

सर्वच मुलांना शस्त्रक्रिया लागते, असा समज करून घेण्याचे कारण नाही. फुगवटा लहान असेल, मुलाला त्रास नसेल आणि वाढ नीट होत असेल, तर पुष्कळदा नियमित तपासणी आणि काळजी एवढेच पुरेसे ठरते. काही मुलांत फुगवटा वयाबरोबर आपोआप कमी झाल्याचीही नोंद आहे. फुगवटा वाढत असेल, दुखत असेल, मार लागून रक्तस्रावाचा धोका असेल किंवा विद्रूपतेमुळे मुलाला मानसिक त्रास होत असेल आणि प्रकार गौण ठरला असेल, तर उपचाराचा विचार होतो. एका पद्धतीत शस्त्रक्रिया करून बाहेरचे जाळे काढतात, जोडशिरा बांधतात आणि हाडातील छिद्रे बंद करतात. दुसऱ्या पद्धतीत बारीक नळीने किंवा सुईने शिरांत विशिष्ट द्रव्य अथवा तारेची वेटोळी सोडून आतूनच मार्ग बंद केला जातो. रक्तस्राव आणि शिरेत हवा शिरणे हे शस्त्रक्रियेतील मोठे धोके आहेत. म्हणून मेंदूचे शल्यचिकित्सक, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्तवाहिन्यांच्या चित्रणातील तज्ज्ञ हे सर्व जेथे एकत्र काम करतात, अशाच रुग्णालयात हे उपचार व्हावेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. १९८२ साली मुलिकेन आणि ग्लोवॅकी या अमेरिकी संशोधकांनी रक्तवाहिन्यांच्या वाढणाऱ्या गाठी आणि रक्तवाहिन्यांचे रचनादोष हे दोन वेगळे विकार असल्याचे दाखवून दिले. वाढणाऱ्या लाल गाठीवर प्रोप्रॅनोलॉल हे औषध गुणकारी असल्याचे २००८ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी निदर्शनास आणले आणि आज ते सर्वत्र वापरले जाते. परंतु शिरांच्या रचनादोषावर त्याचा उपयोग होत नाही. शेजारच्या घरातील बाळाची गाठ औषधाने गेली म्हणून तेच औषध आपल्या बाळाला देणे सर्वस्वी गैर आहे.

काय टाळावे

निजल्यावर फुगणाऱ्या कोणत्याही गाठीत सुई घालू नये, ती कापू नये, दोऱ्याने आवळू नये, तिला डाग देऊ नये, बिबा किंवा कोणताही दाहक लेप लावू नये. टाळू भरताना आणि न्हाऊ घालताना त्या जागी जोराने चोळू नये. हलक्या हाताने तेल-पाणी लावण्यास हरकत नाही. जावळ काढण्याचा दिवस ठरला असेल, तर तपासणी होईपर्यंत तो पुढे ढकलावा. तसे करण्याने कोणत्याही धर्मकृत्याला बाध येत नाही. जावळ काढावयाचेच झाल्यास नाभिक बंधूंना गाठीची पूर्वकल्पना द्यावी आणि त्या भागावर वस्तरा न चालविता कात्रीने केस कापावेत.

एवढी काळजी घेऊनही मूल पडले आणि त्या जागेतून रक्त येऊ लागले, तर घाबरून न जाता स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने सलग दाब द्यावा. रक्त थांबले काय हे पाहण्यासाठी कापड वारंवार उचलू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि दाब तसाच ठेवून मुलाला रुग्णालयात न्यावे. हळद, राख, चहाची पूड यांपैकी काहीही जखमेत भरू नये.

मदतीची वाट

फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशभर आरंभ झाला. या कार्यक्रमात वैद्यकीय पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. जन्मजात दोष शोधणे हा या तपासणीचा एक प्रमुख हेतू आहे. पथक यावयाचे असेल त्या दिवशी डोक्यावर फुगवटा असलेले मूल अंगणवाडीत हजर राहील, याची खबरदारी सेविकांनी घ्यावी, आणि मध्यंतरीच्या काळात असे मूल आढळले तर पथकाची वाट न पाहता त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तेथून पेण किंवा रोहा येथील उपजिल्हा रुग्णालय, मग अलिबागचे जिल्हा रुग्णालय आणि आवश्यक तर मुंबईची मोठी रुग्णालये, असा हा मार्ग आहे. परळ येथे १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय आणि १९२९ साली स्थापन झालेले मुलांचे वाडिया रुग्णालय शेजारी-शेजारीच आहेत. पेण आणि रोहा रेल्वेने मुंबईशी जोडलेले असल्यामुळे हा प्रवास पूर्वीइतका दुष्कर राहिलेला नाही.

खर्चाच्या भीतीने पुष्कळ कुटुंबे तपासणी लांबणीवर टाकतात. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड जिल्हा होता. हीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. कोणता उपचार योजनेत बसतो आणि कोणती कागदपत्रे लागतात, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच करावी.

सर्वांत बिकट प्रश्न स्थलांतरित कुटुंबांचा आहे. दोन्ही तालुक्यांतील कातकरी वाड्यांवरील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. भाद्रपदात गाठ दिसली, पुढच्या तपासणीची तारीख मार्गशीर्षातली मिळाली आणि तोवर वाडी ओस पडली, असे घडू शकते. अशा मुलाच्या आरोग्यपत्रिकेवर ‘डोक्यावर निजल्यावर फुगणारा मऊ फुगवटा, सुई घालू नये, कापू नये’ एवढी एक ओळ ठळक अक्षरांत लिहून ती पत्रिका आईजवळ द्यावी. भट्टीवर मूल आजारी पडून कोणा अनोळखी डॉक्टरांपुढे गेले, तर ती एक ओळ त्याचे प्राण वाचवू शकेल. कुटुंब कोणत्या गावी गेले याची नोंद आशाताईंनी ठेवली, तर पुढील तपासणी चुकणार नाही.

असा फुगवटा घेऊन जन्मलेले मूल म्हणजे कोणाच्या पापाचे फळ नव्हे की ग्रहणाचा दोष नव्हे. आईच्या हातून काही चुकले म्हणून तो होत नाही. गर्भावस्थेत शिरांची घडण होताना राहून गेलेली ती एक उणीव आहे. तिच्यासह पुष्कळ मुले शाळेत जातात, खेळतात आणि मोठी होतात. त्यांना घरच्यांची सावधगिरी हवी असते आणि वेळेवर तपासणी हवी असते. आजीच्या हाताला लागलेला फुगवटा कोणाच्याही सुईखाली वा वस्तऱ्याखाली न जाता प्रथम डॉक्टरांच्या हाताखाली गेला, तर पुढच्या बहुतेक गोष्टी सुकर होतात. पेण आणि रोहा तालुक्यांतील प्रत्येक वाडीवस्तीवर ही एवढी गोष्ट पोहोचविण्याचे काम सेविका, आशाताई आणि सुईणी यांनी करावे.